‘आधी दुर्बीण, मग पुन्हा ऑपरेशन कशाला?’

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की काकांच्या अन्ननलिकेतली गाठ दुर्बिणीतून काढली, सगळे हुश्श झाले, आणि तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता छाती-पोटाचं मोठं ऑपरेशन करा. दोनदा खर्च, दोनदा धसका. आणि मी मात्र ‘पोट न फाडता कॅन्सर बरा’ असं मथळ्यातच लिहून मोकळा झालो.

मथळ्याबद्दलचा राग मान्य. तो शब्द सैल होता, बदलतो.

पण दुर्बीण वाया गेली, हे मात्र मला पटत नाही. आतल्या अस्तरापुरताच असलेला कॅन्सर सहसा लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) उतरलेला नसतो, म्हणून तो सोलून काढला की पुरतं. अस्तराखालच्या थरात शिरला की गणित बदलतं. त्या थरात 200 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, ही आम्हा डॉक्टरांची सीमारेषा. तिच्यापलीकडे ग्रंथींत कॅन्सर असण्याची शक्यता झपाट्याने वाढते. अन्ननलिकेत तर ग्रंथींकडे जाणाऱ्या लसिकावाहिन्या अस्तरातच सुरू होतात; मोठ्या आतड्याच्या अस्तरात त्या जवळपास नसतात, तशी सवलत इथे नाही.

आता एवढं बारीक अंतर आधी कळावं कसं? सीटी स्कॅनला ते दिसत नाही. आतून सोनोग्राफी केली तरी इतक्या उथळ गाठीत तिचा अंदाज चुकतो. दुर्बिणीच्या खास प्रकाशात रक्तवाहिन्यांची नक्षी पाहून आम्ही अंदाज बांधतो, पण तो अंदाजच. खरा निकाल लागतो पॅथॉलॉजीच्या टेबलावर. खाली द्रव सोडून अस्तर फुगवायचं, गाठ कडेने कापून अखंड सोलायची (जपानी डॉक्टरांनी 1990च्या दशकात बसवलेली पद्धत), मग तो तुकडा टाचण्यांनी पसरून दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करायच्या. लहान बायोप्सीत ही खोली मोजता येत नाही, म्हणून तर तुकडा अखंड लागतो. काकांच्या बाबतीत त्या तुकड्याने सांगितलं, कॅन्सर खाली गेलाय. सत्तरीच्या माणसाची अन्ननलिका काढून जठर वर ओढायचं, हा निर्णय अंदाजावर घ्यायचा की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टच्या कागदावर? मी कागदावर घेईन. ऑपरेशन झेपणारं नसेल तर रेडिएशन आणि केमो हा मार्गही त्याच कागदावरून ठरतो.

चूक कुठे झाली असेल, तर बोलण्यात. ‘हा उपचार आहे आणि तपासणीही, रिपोर्टवरून पुढे आणखी काही करावं लागू शकतं’ हे वाक्य तुम्हाला पहिल्या दिवशी ऐकवायला हवं होतं. माझ्याही लेखात ते नव्हतं.

रिपोर्ट घरी असेल तर तीन गोष्टी पाहा: खोली किती, खालची-बाजूची कड मोकळी आहे का, आणि रक्त किंवा लसिकावाहिन्यांत पेशी सापडल्या का. कड मोकळी असली तरी उरलेल्या दोन गोष्टींमुळे ऑपरेशन सांगितलं जाऊ शकतं.

आणि काका चाळीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) खातात, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. आपल्या नागपुरात ते जाता जाताच लिहिलं जातं. तंबाखूने तोंड, घसा आणि अन्ननलिका एकदमच भिजलेली असते, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून त्यांचं तोंड आणि घसा याच महिन्यात तपासून घ्या. खर्रा घोटून देणारा पुतण्या तुम्हीच नाही ना?