भरतीच्या वेळी पक्षी कुठे बसतात?

दरवर्षी दिवाळी उलटली की नवी मुंबईतल्या आमच्यासारख्या लोकांच्या फोनमध्ये गुलाबी छायाचित्रांची भरती येते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले की ठाणे खाडी सुखरूप आहे, असा एक सोयीचा समज त्यासोबत पसरतो. शहराने तर 'फ्लेमिंगो सिटी' हे बिरुद मिरवायला सुरुवात करून बराच काळ लोटला आहे आणि चौकाचौकांत सिमेंटचे रोहित एका पायावर उभे आहेत. गेली अकरा वर्षे नेरूळला राहून आणि जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात खाडीकाठी दुर्बीण घेऊन फिरून माझे मत मात्र काहीसे वेगळे झाले आहे. ते येथे सविस्तर मांडतो आहे.

पहिली गोष्ट रोहिताविषयीच. ठाणे खाडीत एका हंगामात एक लाखाहून अधिक रोहित नोंदले गेले आहेत आणि त्यांतला बहुसंख्य भाग छोट्या रोहिताचा असतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, लाल यादीत हा पक्षी 'संकटसमीप' गटात आहे. त्याचे मुख्य अन्न नील-हरित शैवाल आहे, आणि हे शैवाल फोफावते ते पाण्यात नत्र व स्फुरद भरपूर मिसळले की. आपल्या खाडीत हे घटक कुठून येतात, हे वाशीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. तेव्हा रोहितांची संख्या वाढली म्हणून खाडी निरोगी आहे, असे प्रमाणपत्र देणे चुकीचे आहे. त्यांच्या पोटात आपले सांडपाणीच रूप बदलून जात असते.

ज्या पक्ष्यांची मला खरी चिंता वाटते, ते कोणाच्या छायाचित्रात सहसा नसतात. बाकदार चोचीचा तुतवार हा त्यांतला एक. वजन जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम, रंग मळकट राखाडी, आणि ओहोटीच्या चिखलात शेकड्यांनी धावताना तो लांबून उंदरांच्या लगबगीसारखा दिसतो. सैबेरियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक टुंड्रामध्ये, त्याची वीण होते आणि हिवाळा काढायला तो हजारो किलोमीटर उडून आपल्या दारात येतो. एप्रिलमध्ये परतीच्या तयारीत असताना त्याचे पोट विटकरी लाल होते, आणि तेव्हा तो रोहिताइतकाच देखणा असतो, असे माझे ठाम मत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आययूसीएनने किनाऱ्यावरच्या अनेक स्थलांतरित पक्ष्यांचे धोक्याचे वर्ग वाढवले. त्यात हा तुतवार 'असुरक्षित' गटात गेला आणि आपल्या चिखलावर दिसणारा करडा चिखल्याही त्याच गटात पोहोचला. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या समूहात पार्किंगवरून वाद चालू होता. ही बातमी मी तिथे टाकली, आणि तिच्याखाली एक नमस्काराचे चिन्ह आले.

आता मुख्य मुद्दा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले. सुमारे 1,690 हेक्टरांचे हे क्षेत्र ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम काठाला आहे, आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. दोन्ही निर्णय चांगलेच होते. परंतु अभयारण्याची सीमा नकाशावर स्थिर राहते आणि खाडी रोज दोनदा वर-खाली होते. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी तिथे चरतात. भरती आली की तो बुडतो आणि त्यांना उथळ पाण्याची किंवा मोकळ्या जमिनीची दुसरी जागा शोधावी लागते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांत थोडाफार चिखल उरतो तरी. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला काहीच उरत नाही. अशा वेळी हजारो पक्षी उठतात आणि नेरूळ, सीवूड्सच्या तळ्यांकडे, तर काही पार उरणकडच्या पाणजे आणि भेंडखळच्या पाणथळींकडे जातात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी ही ये-जा नोंदवली आहे. यांपैकी एकही जागा त्या अभयारण्याच्या सीमेत नाही. जेवणघराला कुलूप लावून संरक्षण दिले आणि झोपायची खोली मात्र विक्रीला काढली, असा हा प्रकार आहे.

ही तळी भराव घालूनच मरतात असे नाही. खाडीचे पाणी आत आणणारी मोरी बुजली, किंवा बुजू दिली, की काम आपोआप होते. भरतीचे पाणी येणे थांबते, उन्हाळ्यात उरलेले पाणी आटते, तळाला भेगा पडतात, कडेने गवत माजते, आणि दोन-तीन वर्षांनी कोणीतरी म्हणते, 'इथे पाणथळ आहेच कुठे?' नेरूळच्या एका तळ्याची अशीच गत होत असताना 2024 च्या उन्हाळ्यात त्या परिसरात मेलेले आणि जखमी रोहित सापडले, तेव्हा थोडी खळबळ झाली, कारण मेलेला पक्षी गुलाबी होता. त्याच तळ्यावर भरतीला येणारे तुतवार कुठे गेले, हे विचारायला कोणी आले नाही. मी स्वतः एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. एका टेबलाने सांगितले की जमीन आमची नाही, दुसऱ्याने सांगितले की पाणी आमचे नाही. तिसरे टेबल जेवायला गेले होते.

येथे एक अडचणीची गोष्टही मान्य केली पाहिजे, कारण ती आपल्या उत्साहाच्या आड येते. पर्यावरणाच्या नावाने आपण तिवरांची, म्हणजे कांदळवनाच्या झाडांची, रोपे लावतो, फोटो काढतो आणि समाधानाने घरी येतो. कांदळवन मोलाचे आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्या कत्तलीविरुद्ध दिलेला निकाल आणि त्यातली पन्नास मीटरची संरक्षक पट्टी यांमुळे पुष्कळ काही वाचले. परंतु खाडीत गाळ साचत गेला तसतसे कांदळवन उघड्या चिखलावर पुढे सरकत गेले, आणि तुतवाराला झाडी नको असते. त्याला दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा चिखल हवा असतो, ज्यातले किडे आणि बारीक शिंपले तो चोचीने चाचपून काढतो. म्हणून जिथे उघडा चिखल आहे तिथे वृक्षारोपण करणे, हे माळढोकाच्या गवताळ माळावर वडाची रोपे लावण्यासारखेच आहे.

नेरूळजवळच्या सारसोळ्याच्या एका वृद्ध कोळीदादांनी हेच मला माझ्या सगळ्या पुस्तकांआधी सांगितले होते. त्यांच्या लहानपणी होडी जिथून मोकळी काढत, तिथे आता तिवरे आहेत आणि निवट्या पकडायला आत जाता येत नाही. पक्ष्यांचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. 'बारकी पाखरं' म्हणाले, आणि ती आता पूर्वीइतकी नाहीत एवढे ठामपणे सांगितले.

माझी मागणी फार मोठी नाही. नवे अभयारण्य, नवा पुतळा, नवा महोत्सव यांपैकी काहीही तूर्त नको. भरतीला पक्षी बसतात त्या तळ्यांची यादी करावी, प्रत्येक मोरीची जबाबदारी एकाच यंत्रणेवर लेखी टाकावी आणि तिचे तोंड वर्षभर उघडे राहते की नाही ते पाहावे. विकासाच्या बाजूनेही याला अर्थ आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ या पाणथळींपासून फार दूर नाही. बसायची ठरलेली जागा गेली, तर बिथरलेले थवे मोकळे सपाट मैदान शोधणार, आणि धावपट्टीच्या आजूबाजूला त्याहून सपाट काय असते?

गेल्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास, भरती चढलेली असताना, मी तळ्याच्या कडेला उभा होतो. शे-दीडशे तुतवारांचा थवा खाडीवरून आला, कोरड्या तळावर तीन फेऱ्या मारल्या, आणि शेवटी शेजारी पत्रे ठोकून ठेवलेल्या भूखंडावरच्या खडीच्या ढिगांत उतरला. भरती ओसरेपर्यंत ते तिथेच उभे होते. पुढच्या पौर्णिमेला कोणाला यायचे असेल, तर साडेअकराला पोहोचा. दुर्बीण मी आणीन.