०.३३ मत

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा फॉरवर्ड. "राज्यसभा बरखास्त करा, कोट्यवधी रुपये वाचतील, कायदे आठवड्यात होतील." खाली चौदा अंगठे. चहा निवला माझा. तिथे उत्तर देत नाही, तिथे टँकरचं चाललंय आणि ते खरंच जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून इथे लिहितो. लांबेल, आधीच सांगतो.

५ सप्टेंबर १९७०. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे जुन्या राजांना सरकारी तिजोरीतून मिळणारे पैसे, रद्द करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत मताला आली. तीनच दिवस आधी लोकसभेने ती ३३२ विरुद्ध १५४ अशी मंजूर केली होती. राज्यसभेत बाजूने १४९, विरोधात ७५. आपल्या सोसायटीत एवढ्या फरकाने ठराव झाला असता तर पेढे वाटले असते. इथे दुरुस्ती पडली.

का, ते समजून घ्या. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. घटनादुरुस्तीला कलम ३६८ दोन अटी घालतं, आणि दोन्ही सभागृहांत त्या वेगवेगळ्या पार कराव्या लागतात. एक, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं. आजच्या ५४३ च्या लोकसभेत २७२, २४५ च्या राज्यसभेत १२३. दोन, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश, म्हणजे सरळ हिशेबात विरोधकांच्या किमान दुप्पट. ७५ ची दुप्पट १५०. पडली १४९. पूर्ण एक मतही कमी नव्हतं हो, २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३ होतात. पाव मताहून थोडं जास्त, तेवढं कमी पडलं.

आता काका म्हणतील, बघा, अडवलंच ना! हो, अडवलं. त्यासाठीच बसवलंय राज्यसभेला तिथे.

आणि हे मी तनख्यांच्या प्रेमाने बोलत नाही. लोकशाहीत कुणाला केवळ तो राजाचा मुलगा आहे म्हणून सरकारी तिजोरीतून करमुक्त पैसे का मिळावेत? तनखे जायलाच हवे होते. पण ते घटनेत लिहून दिलेलं वचन होतं, कलम २९१ आणि ३६२. लिहून दिलेलं मोडायचं तर ते ज्या रस्त्याने लिहिलं त्याच रस्त्याने खोडायचं. सरकारला तेवढा धीर नव्हता. मतदान हरल्यावर लगेच राष्ट्रपतींच्या हुकुमाने सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. राजाच नाही, तर तनखा कुणाला? हुशारी बघा. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर कोर्टात गेले आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला.

मग सरकारने जे करायला हवं होतं ते केलं. लोकसभा विसर्जित, १९७१ ची निवडणूक, इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा. त्याच वर्षी डिसेंबरात सव्विसावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत रीतसर झाली आणि तनखे गेले. उशीर किती? सव्वा वर्ष. तेवढ्यात लोकांना विचारून झालं.

"आठवड्यात कायदा" म्हणणाऱ्यांना कायदा होतो कसा हे तरी माहीत आहे का? पहिलं वाचन म्हणजे नुसती मांडणी. दुसरं वाचन हा खरा कारखाना. आधी तत्त्वावर चर्चा, मग जमलं तर समिती, मग एकेक कलम आणि त्यावरच्या दुरुस्त्या. तिसऱ्या वाचनात फक्त हो किंवा नाही. मग हेच सगळं दुसऱ्या सभागृहात, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. यातला समितीचा टप्पा कुणाला दिसत नाही, कारण तिथे कॅमेरा नसतो. खात्यांच्या स्थायी समित्या २४, प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तिथे पक्षादेश (व्हिप) लागू नसतो, म्हणून माणसं माणसांसारखी बोलतात. अधिकाऱ्याला बोलावून विचारतात, बाबा रे, या कलमातल्या 'विहित' शब्दाचा अर्थ काय, आणि तो विहित करणार कोण? पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. सोळाव्या लोकसभेत जेमतेम पाव. त्यावर कुणी फॉरवर्ड केला नाही.

समिती गाळली की काय होतं? घाईत लिहिलेलं वाक्य तसंच कायद्यात जातं. मग नियम बनवताना खातं अडतं, मग कोर्ट, मग दुरुस्ती विधेयक. वाचवलेला वेळ व्याजासकट परत जातो.

आवाजी मतदानाचं तर विचारूच नका. अध्यक्ष विचारतात, बाजूचे "होय" म्हणतात, विरोधातले "नाही", आणि कुणाचा आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात. बिनवादाच्या कामाला ही पद्धत ठीक आहे. पण सदस्याने आक्षेप घेऊन मतविभागणी मागितली की घंटा वाजली पाहिजे. लोकसभेत ती साडेतीन मिनिटं वाजते, मग दारं बंद, मग बटणं, आणि कुणी काय मत दिलं ते कायमचं नोंदलं जातं. २० सप्टेंबर २०२० ला शेती विधेयकांवर राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत होते, गोंधळ सुरू होता आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. कोण बाजूने, कोण विरुद्ध, याची नावानिशी नोंदच नाही. सरकारकडे मतं होती असं म्हणतात. असतीलही. मग मोजायची होती ना! विरोधकांनी नियमपुस्तक फाडायला धावायला नको होतं, हेही मान्य, पुढे चला. सव्वा वर्षाने तेच कायदे मागे घेतले, तेही एका दिवसात आणि चर्चेविना. १९७० मध्ये मोजले होते म्हणून १४९ हा आकडा आपल्याला आज माहीत आहे. घटनादुरुस्तीला आवाजी मतदान चालतच नाही, नशीब.

राज्यसभा टाळायची दुसरी युक्ती अजून सभ्य आहे. धन विधेयक. कलम ११० प्रमाणे ज्या विधेयकात फक्त कर, कर्ज, संचित निधीतला, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतला, खर्च अशाच बाबी असतात ते धन विधेयक. 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचं, शिफारशी करायच्या, आणि लोकसभेने त्या मानल्या नाहीत तरी चालतं. शिक्का लोकसभेचे अध्यक्ष मारतात. मार्च २०१६ मध्ये आधारचं विधेयक असंच आलं. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागून कायदा बहुतांशी टिकला. तो एक म्हणजे न्या. धनंजय चंद्रचूड, ज्यांनी याला घटनेशी केलेली लबाडी या अर्थाचे शब्द वापरले. २०१९ मध्ये धन विधेयकाचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला.

राग थोडा उतरलाय. आता काकांच्या बाजूचं.

राज्यसभा अमेरिकेच्या सिनेटसारखी नाही. तिथे राज्य केवढंही असो, दोन सदस्य. आपल्याकडे उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १. त्यात २००३ पासून ज्या राज्यातून निवडून जायचं तिथला मतदार असण्याची अटही गेली, त्यामुळे पडलेल्या नेत्यांची सोय लागते, हे खरं आहे. राष्ट्रपती नेमतात त्या बारा नामनियुक्तांपैकी काहींची हजेरी बघून लाज वाटते, तेही खरं. पण छप्पर गळतं म्हणून कुणी घर पाडत नाही.

आणि अडवणं म्हणजे काय तेही पाहा. जीएसटीची घटनादुरुस्ती लोकसभेने मे २०१५ मध्ये मंजूर केली. राज्यसभेत ती प्रवर समितीकडे, म्हणजे त्या विधेयकासाठी खास नेमलेल्या समितीकडे गेली, वाद झाले, आणि ३ ऑगस्ट २०१६ ला २०३ विरुद्ध ० अशी झाली. एकही मत विरोधात नाही! मधल्या काळात काय बदललं? राज्यांना नुकसानभरपाई संसद देऊ 'शकेल' असं होतं, ते पाच वर्षं 'देईल' असं झालं. एका क्रियापदाचा फरक. जकात गमावलेल्या मुंबईचं बजेट बनवणाऱ्याला विचारा त्या क्रियापदाची किंमत. उत्पादक राज्यांना मिळणार असलेला एक टक्का जादा कर मात्र त्याच घासाघाशीत गेला, आणि तो महाराष्ट्राला मिळाला असता. चडफडत लिहितोय, पण लिहितोय. करावर कर चढला असता, काढला ते बरोबरच झालं.

उलट उदाहरणही घ्या. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० ला मंजूर केलं. अडकलं कुठे? लोकसभेत. तिथे ते विधेयक मताला आलंच नाही.

दोन सभागृहांचं एकमत होत नसेल तर घटनाकारांनी वाटही ठेवली आहे, कलम १०८, संयुक्त बैठक. तिथे लोकसभेचं संख्याबळ भारी पडतं. आजवर तीनदाच वापरली, १९६१ हुंडाबंदी, १९७८ बँकिंग सेवा आयोग, २००२ पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. घटनादुरुस्तीला मात्र ही वाट बंद. नाहीतर १९७० मध्ये तनख्यांचं काम एका दुपारी उरकलं असतं.

त्या दिवसाची एक गोष्ट मला अजून गंमतीची वाटते. दोन तृतीयांश मोजतात ते मत देणाऱ्यांचे, सभागृहात नुसतं बसलेल्यांचे नाहीत. त्या ७५ पैकी एक जण मतदानाच्या वेळी चहाला बाहेर गेला असता, तर एकूण २२३ होतात, त्यांचे दोन तृतीयांश १४८.६७, आणि १४९ पुरली असती. काका, तुमचा चहा झाला का?