शिदोरीचा भुगा

गेल्या रविवारी मुळशी धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीच्या बाजूला जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, चौथा तास संपत आला असताना, मी एका जांभळीखाली सायकल आडवी टाकली आणि मोठ्या आशेने पिशवीत हात घातला. बाकरवडीचा भुगा झाला होता. केळ्याने पंक्चरच्या डबीवर देह ठेवला होता आणि दोन राजगिऱ्याच्या वड्या वितळलेल्या चॉकलेटला अशा चिकटल्या होत्या की कागद कुठे संपतो आणि खाऊ कुठे सुरू होतो, हेच कळेना. आदल्या रात्री पाऊण तास खपून भरलेली ही शिदोरी होती. हे पहिल्यांदा घडले असते तर मी हसलो असतो; पण दर रविवारी हेच घडते आणि आता मला याचा मनस्वी संताप येतो.

त्याहून अधिक संताप येतो तो आमच्या गटातल्या जाणकारांचा. खाण्याचा विषय काढला की ही मंडळी ‘इंधन’ हा शब्द वापरतात, जणू मी डिझेलचा पंप आहे. ताशी साठ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत, हा त्यांचा मंत्र. तो खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. स्नायूंतला साठा जोराच्या चढावर दीड-दोन तासांत आटतो आणि मग पाय शिशाचे होतात, हे मी भोगलेले आहे. पण एका एनर्जी जेलच्या, म्हणजे पिळून खायच्या गोड लगद्याच्या, पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅमच कर्बोदके असतात, म्हणजे सहा तासांच्या फेरीसाठी ही मंडळी मला चौदा ते अठरा पाकिटे खोकल्याच्या औषधासारखा तो गोड चिकटा गिळायला सांगतात! तिसऱ्या पाकिटानंतर जीभ आंबते, पाचव्यानंतर नुसत्या वासाने मळमळते, आणि एका पाकिटाच्या पैशांत चार-पाच वडापाव येतात हे आठवून जो जळफळाट होतो तो वेगळाच. शिवाय दातांनी तोडलेली ती पाकिटांची चकचकीत टोके वाटेवर टाकून जाणारे लोक कोण आहेत, हे मला एकदा समोरासमोर पाहायचे आहे.

या जाणकारांपैकी बहुतेक जण डांबरी रस्त्यावर सायकल चालवतात, आणि खरी गोम तिथेच आहे. सपाट रस्त्यावर एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने चालत्या सायकलीवर खाता येते. दगडधोंड्यांच्या उतारावर दोन्ही हातांची बोटे ब्रेकवरून हलवता येत नाहीत आणि चढावर तोंड श्वास घेण्यात गुंतलेले असते. म्हणजे आम्हाला थांबूनच खावे लागते. आणि घामाने निथळत, पायाला जळू चिकटली आहे का ते पाहत जो माणूस थांबतो, त्याला थांबल्याचे चीज होईल असे काहीतरी खायला नको का? खारट, तिखट, दाताखाली येणारे? अंगातले मीठ घामावाटे वाहून गेलेले असताना जिभेला गोड नकोसे वाटते, ही साधी गोष्ट या बाजाराला का कळत नाही?

‘मग घरचे न्या’ असा सल्ला मिळतो. नेले आहे. पावसाळी हवेत चिक्कीतला गूळ ओलावा ओढून घेतो आणि तिचा च्युइंगम होतो. गूळपोळी चवीला अप्रतिम, पण तिचे तुकडे पिशवीच्या प्रत्येक शिवणीत शिरतात आणि पुढचे तीन दिवस मुंग्या त्यांचा शोध घेतात. भडंग चालत्या वाटेवर खायचा पदार्थच नव्हे. मूठ तोंडापर्यंत जाईतो निम्मा वाऱ्यावर जातो. थालीपीठ टिकते, पण त्यातले तेल हातमोज्यांना लागले की ब्रेकची दांडी सटकते. त्यातल्या त्यात दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी आणि वर लसणाची चटणी हा एकच बेत हादऱ्यांना पुरून उरतो. आपल्या आज्यांनी प्रवासासाठी दशम्या काही उगाच बांधून दिल्या नाहीत. पण पहाटे साडेचारला दशम्या करणार कोण? मी करतो. त्या नकाशासारख्या होतात आणि घरातले सगळे त्यांची टिंगल करतात.

म्हणून या वेळी मी जास्तीची तजवीज म्हणून छोटे बटाटे उकडून, मीठ, जिरेपूड आणि किंचित तूप लावून, डबीत घट्ट बसवून नेले होते. उतारावर दणके बसले तरी एकही फुटला नव्हता. बाकी सगळ्या राड्यातून डबी सुखरूप निघाली तेव्हा मला अक्षरशः भरून आले. झाकण उघडून मी ती शेजारच्या दगडावर ठेवली आणि चिकट हात धुण्यासाठी पाण्याची बाटली काढायला वळलो, तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक माकड उतरले आणि डबीसकट बटाटे घेऊन झाडावर जाऊन बसले. तो बेटा एकेक बटाटा शांतपणे, चवीने, माझ्याकडे बघत खात होता. खाली उभा राहून मी बाकरवडीचा भुगा चिमटीने तोंडात टाकत होतो, आणि त्यातही केळे मिसळलेले होते.