ब्रशवरचा नांगर जहाजाचा नव्हे

गणपतीत बंद घरं उघडली, माळे झाडले गेले, की एक मेसेज कोकणभर फिरायला लागतो. ‘चांदीचा जुना आरसा, ब्रश सापडला? नक्षी जितकी दाट तितकी वस्तू जुनी. नांगराचा शिक्का म्हणजे जहाजावरची. देवदूत असले तर पोर्तुगीज. काळी पडली तर खोटी.’ चार दावे, चारही चुकीचे.

नांगराचं मालवण-वेंगुर्ल्यात लगेच पटतं. समोर समुद्रच आहे. पण हा शिक्का बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणाऱ्या कचेरीचा, १७७३ पासूनचा, आणि बर्मिंगहॅमला समुद्रकिनाराच नाही. शेजारी चालता सिंह असेल तर चांदी ९२.५ टक्के. सगळ्यात कामाचं असतं ते बाजूचं एकुलतं अक्षर. पुष्कळांना ते मालकिणीचं आद्याक्षर वाटतं. पण ते वर्षाचं अक्षर. त्याचं वळण आणि भोवतीची चौकट त्या कचेरीच्या वर्षाक्षरांच्या तक्त्याशी ताडली की वर्ष कळतं.

आता नक्षी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात साधी, रेखीव चांदी मानाची होती. पानाफुलांची गर्दी वाढली ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात, आणि पुढे तीही बरीचशी पातळ पत्रा साच्यात दाबून उठवलेली. हाताची कारागिरी समजून उगाच हळहळू नये. १८९० ते १९१० च्या सुमारास आर्ट नूवो ही शैली आली: बायकांचे वाहते केस, कमळाचे देठ, चतुर कीटक. १९२० नंतर आर्ट डेको शैलीने ते सारं बाजूला सारून सरळ रेषा आणल्या. यंत्राने कोरलेल्या किरणांवर पारदर्शक निळं-हिरवं मीनाकामही तेव्हा फार चाले. म्हणजे साधेपणा दाट नक्षीच्या आधीही होता, नंतरही. त्यात कारखानदार जुने नमुने पुन्हा काढत ते वेगळंच. नुसत्या नक्षीवरून वय सांगणारा अंदाजपंचेच बोलतो.

देवदूतांची पाच मुंडकी इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या चित्रातली. १९०० च्या आसपास ती ब्रशांच्या पाठीवर सर्रास उठवत. रेवदंड्याच्या पोर्तुगीज चर्चशी त्यांचं काही नातं नाही.

काळेपणा हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो, दमट हवेत लवकर. अस्सल चांदी काळी पडते, तसा ‘ईपीएनएस’ लिहिलेला, म्हणजे विजेने चढवलेला चांदीचा मुलामाही पडतो. त्याच्या आत तांबं, निकेल नि जस्त.

तेव्हा राखेने खसाखसा घासू नका. शिक्के उथळ असतात. ते गेले की सोनार फक्त वजन सांगणार. आणि आरशाच्या मुठीत बहुधा राळ भरलेली असते, म्हणून ते वजनही पूर्ण चांदीचं नाही.