मनीच्या दाढा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या मनी या मांजरीच्या दाढा काढल्या, त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, तोंड आले म्हणून मनीच्या दाढा काढणे हा निव्वळ क्रूरपणा होता. आपण आपल्या बोक्याला करता तसे स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि हिरड्यांना लवंगेचे तेल एवढ्यावर भागले असते, आणि दाढा गेल्यावर ती खाणार काय, याचा मी विचारच केला नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मनीचे खाणे सुटले ते दाढा असतानाच. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात ती वाटीपाशी येई, वास घेई, एक घास तोंडात धरताच किंचाळून मागे सरे आणि पुढच्या पंजाने गाल खरवडत बसे. त्या पंजाचे पांढरे केस लाळेने तांबूस, चिकट झाले होते. मांजर आपल्यासारखे चावत बसत नाही, तुकडा तोडून गिळते. आज ती उकडलेल्या कोंबडीचे तुकडे तर खातेच, कोरडे दाणेही अख्खे गिळते.

हे साधे तोंड येणे नव्हे. दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती प्रमाणाबाहेर भडकते, घशाजवळचा भाग लालभडक होऊन फुगतो, आणि अशा पुष्कळ मांजरांत कॅलिसी विषाणूही आढळतो. तो थर दातांच्या आधाराने राहतो, म्हणून आधारच काढायचा. मांजराच्या ३० दातांपैकी मनीचे सुळे आणि पुढचे दात ठेवून बाकीचे काढले, आणि मुळाचा तुकडा आत राहिलेला नाही, याची एक्स-रेने खात्री करून घेतली. तो राहिला तर दाह पुन्हा उसळू शकतो.

स्टेरॉइडचा मार्ग मी आठ महिने चालून पाहिला. आधी एका इंजेक्शनवर महिना निघे, पुढे पंधरवडाही निघेना. दीर्घकाळ स्टेरॉइड दिल्याने मांजराला मधुमेह जडू शकतो, हे मला फार उशिरा कळले. त्या आठ महिन्यांबद्दल आपण मला बोल लावला असता, तर तो मी निमूटपणे ऐकून घेतला असता.

एका बाबतीत मात्र आपला आक्षेप रास्त आहे. माझ्या लेखावरून दाढा काढल्या की प्रत्येक मांजर बरे होते, असा समज होतो. प्रत्यक्षात सुमारे दोन तृतीयांश मांजरांना पूर्ण किंवा बराच आराम पडतो. उरलेल्यांना सायक्लोस्पोरिनसारखी, भडकलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि वेदनाशामके द्यावी लागतात. मनीलाही सावरायला तीन महिने लागले.

लवंगेच्या तेलाचे तेवढे आजच थांबवा. त्यातले युजेनॉल पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते, त्यामागचे कारणही याच जातीचे आहे. आपल्या बोक्याची सहा महिने लाळ गळते आहे, असे आपणच लिहिले आहे. तेल किती दिवस लावले ते पशुवैद्यांना स्पष्ट सांगा, आणि पुढचे इंजेक्शन देण्याआधी त्याच्या दातांचा एक्स-रे काढून घ्या.