‘ख्रिस्ती दृष्टिकोन’ म्हणजे नेमका कोणाचा?

गेल्या रविवारी उपासनेनंतरच्या अभ्यासवर्गात एक पाहुणे वक्ते पुन्हा पुन्हा सांगत होते, “पर्यावरण असो की राजकारण, ख्रिस्ती माणसाचा दृष्टिकोन एकच. बायबलचा.” बरेच जण माना डोलावत होते. मला ते पटलं नाही, आणि आठवडाभर मनातून जात नाहीये.

प्रभू पुन्हा येणार, यावर आमच्यात दुमत नाही. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, ते आम्ही एका सुरात म्हणतो. पण तोवर या जगाचं काय होणार, असं विचारलं की एकाच बाकावरची माणसं तीन दिशांना तोंडं करतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायातली, ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं घ्या. प्राचीन मंडळीचा धर्मपंडित ऑगस्टीन याने ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, चालू काळालाच लावली. अठराव्या शतकातले अमेरिकन धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स यांना वाटे, सुवार्तेने जग पालटेल, ते सुखाचे दिवस येतील आणि मग प्रभू येईल. 1830च्या दशकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बीने नेमकं उलट मांडलं: जग बिघडतच जाणार, विश्वासणारे आधी वर स्वर्गात उचलले जाणार, मग पृथ्वीवर महासंकटाचा काळ. 1909च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांनी ते घरोघरी नेलं. आज आमच्यातल्या कितीजणांना तळटीप कुठे संपते आणि वचन कुठे सुरू होतं, हे सांगता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर माणूस आयुष्य कशाला वाहतो ते ठरतं. 1813 साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल एडवर्ड्सच्याच परंपरेत घडले होते. सगळं जग ख्रिस्ताचं होणार, या आशेवर त्यांच्या मिशनने इथे शाळा काढल्या, छापखाना घातला. पुढे त्याच अमेरिकेत सुवार्तिक डी. एल. मूडी सांगू लागले की जग हे फुटलेलं जहाज आहे, देवाने मला होडी दिली आहे, जमतील तेवढे जीव वाचवायचे. मूडींनी स्वतः शाळाही काढल्या, हे मान्य. पण जहाज बुडणारच असेल, तर नदी, जंगल, पुढच्या पिढीचं पाणी यांची चिंता कोण करील?

आणि 2006 साल पाहा. अमेरिकेत पास्टर जॉन हॅगी यांनी इस्राएलच्या पाठिंब्यासाठी ख्रिस्ती लोकांची मोठी संघटना उभी केली, बायबलचाच आधार घेऊन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्कनी, म्हणजे तिथल्या रोमन कॅथलिक प्रमुखांनी, सिरियन ऑर्थोडॉक्स, एपिस्कोपल आणि लुथेरन बिशपांबरोबर जाहीर केलं की ख्रिस्ती झायोनवाद, म्हणजे बायबलच्या आधारे इस्राएलला पाठिंबा देणारी ही विचारसरणी, खोटी शिकवण आहे. प्रेम, न्याय आणि समेटाचा बायबलचा संदेश ती भ्रष्ट करते. दोघांच्या हातात बायबल. यातला ‘एकच दृष्टिकोन’ कोणता? बेथलेहेममधल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबाला आपण काय सांगणार?

मी आशा सोडा असं म्हणत नाही. आईला माती देताना पाळकांनी पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचला, आणि त्या वचनांनी मला उभं ठेवलं. अंतकाळाचे तक्ते मांडणारे बहुतेक वर उचलले जाण्याच्या 17व्या वचनावर थांबतात. पौल मात्र 18व्यात सांगतो की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा.

येत्या रविवारी वर्गात मी जेरुसलेमचं ते निवेदन मराठीत करून वाचणार आहे. पाळकांनी परवानगी दिली आहे. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही, त्यांनी तर नक्की थांबा.