केळीचा भाव आणि मॉनिटरचा भाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

नवे मॉनिटर जाहीर होऊनही बाजारात उशिरा का येतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "सुट्या भागांच्या किमतीचं कारण सांगून तुम्ही कंपन्यांची वकिली करताय. आमच्या रावेरात केळीचा बोर्डाचा (रोज जाहीर होणारा) भाव पडला की त्याच दिवशी बागेत कळतं. २०२२ मध्ये पॅनल स्वस्त झाले असं तुम्हीच म्हणता, मग जळगावात मॉनिटर स्वस्त का मिळाला नाही? आणि तीन वर्षं जुना माल नवा म्हणून का गळ्यात मारतात?" मुलीच्या कामासाठी २७ इंची घ्यायचाय, हेही तुम्ही लिहिलंय.

आधी माझी चूक. 'पॅनल उतरलं की मॉनिटर उतरतो' असं मी एका वाक्यात लिहून मोकळा झालो होतो. ते इतकं सरळ नाही. पॅनलचे, म्हणजे मॉनिटरच्या आतल्या पडद्याचे, भाव २०२१ च्या मध्यापर्यंत चढत गेले आणि नंतर कोसळले, हे खरं. पण त्याच २०२२ च्या वर्षात डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता तो ८२ च्या वर गेला. शिवाय पॅनलची खरेदी, जोडणी, जहाज, बंदर, डीलर या वाटेत महिने जातात, म्हणजे दुकानात ठेवलेला माल चढ्या भावाचाच होता. उतार आपल्यापर्यंत आला तो पातळ होऊन. चढ मात्र लगेच अंगावर येतो, हा तुमचा अनुभव माझाही आहे.

आता केळी. घड तयार झाला की भाव काहीही असो, कापावा लागतो. पॅनलचा कारखाना मात्र थांबू शकतो. बीओई, सीएसओटी, एचकेसी हे चिनी उत्पादक मागणी मंद दिसली की चिनी नववर्षाच्या नाहीतर ऑक्टोबरच्या सुट्टीला जोडून उत्पादन आवरतात, आणि घसरणारा भाव सावरतो. विकणारेही कमी झालेत. सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणं बंद केलं आणि एलजीचा चीनमधल्या ग्वांगझूचा कारखाना २०२५ मध्ये सीएसओटीकडे गेला. व्यापारी मोजके उरले की भाव कोणाच्या हातात जातो, हे तुम्ही दर हंगामात पाहता.

पण महाग भागामुळे मॉनिटर अडतो हा बहाणा आहे, हे मला मान्य नाही. असूसचा पीजी२७यूक्यू बघा. जानेवारी २०१७ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात तो दाखवला. फोर-के म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं चित्र, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणारं, मागच्या दिव्यांचे ३८४ वेगळे भाग. विक्रीला आला २०१८ च्या मध्यावर, किंमत २००० डॉलर. लोकांनी तो खोलून पाहिला तेव्हा आत, पडद्याचा वेग ग्राफिक्स कार्डाशी जुळवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या बोर्डावर, इंटेलची अल्टेरा अरिया १० ही एफपीजीए चिप आणि ३ जीबी डीडीआर४ मेमरी निघाली. एवढ्या बोर्डानेच किंमत सुमारे ५०० डॉलरनी वाढली असावी, असा खोलणाऱ्यांचा अंदाज होता.

एवढी महाग चिप का वापरली? आपल्या एमआयडीसीतल्या प्लॅस्टिकवाल्याला विचारा. लाख नग विकायचे असतील तर तो डाय (साचा) बनवतो. दोनशे नगांसाठी डायचा खर्च निघत नाही, मग तो दुसऱ्या कुठल्यातरी महागड्या मार्गाने काम भागवतो. एफपीजीए म्हणजे बाजारात तयार मिळणारी आणि नंतर हवी तशी जुळवून घेता येणारी चिप. डायचा खर्च वाचतो, पण प्रत्येक नग महाग पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की वेग जुळवण्याचं हे काम मीडियाटेक या चिप कंपनीच्या नेहमीच्या स्केलर चिपमध्येच (आलेलं चित्र पडद्याच्या मापात बसवणाऱ्या) बसवणार, वेगळा बोर्ड नको. मधे सात वर्षं गेली. तंत्र कुणी दडवून ठेवलं नव्हतं, ते परवडत नव्हतं.

मापाचंही तसंच. उन्हाळ्याआधी कूलरची बॉडी बनवणारा कारागीर आठ बाय चारच्या पत्र्यावर आधी खडूने आखणी करतो, कारण उरलेली कातरण म्हणजे तोटा. पॅनलच्या साडेआठव्या पिढीच्या कारखान्यात (पिढी काचेच्या मापावरून ठरते) काच साधारण २२०० बाय २५०० मिलिमीटरची असते. तिच्यातून ५५ इंचाचे सहा तुकडे नीट निघतात, ७७ इंचाचे दोनच, आणि बरीच पट्टी उरते. त्या उरलेल्या जागेत एलजीने ४८ इंची ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा पडदा) बसवला. २०२० मध्ये तो टीव्ही म्हणून आला आणि पुढे त्याच मापाचे मॉनिटरही निघाले. बाजारात कुठलं माप येणार हे पुष्कळदा काच कापतानाच ठरतं.

आणि २०२१ मध्ये पॅनलच्या कडेला लागणाऱ्या, पडद्यावरचे ठिपके चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपचाच तुटवडा पडला. या चिप जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत बनतात आणि तिथे नवा पैसा घालायला फारसं कुणी तयार नसतं. अख्खं पॅनल त्या चिमुकल्या चिपसाठी अडून राहायचं.

जुना माल नवा म्हणून विकण्याबद्दल : तेच पॅनल वर्षानुवर्षं चालवून, स्टँड आणि नाव बदलून कंपन्या 'नवं' मॉडेल काढतात, कारण मुरलेलं पॅनल स्वस्त पडतं. ते वाईट नाही, पण गिऱ्हाइकाला सांगायला हवं. दुकानदाराने तीन वर्षं पडून असलेला नग नवा म्हणून देणं ही मात्र फसवणूकच, तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

मुलीसाठी थांबू नका. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव भडकलेत आणि डॉलर ९० च्या पुढे गेलाय. लवकर स्वस्ताई येईल असं मला दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, पण २७ इंचीला तो आधीपासूनच १८ होता. म्हणून त्या नावाने कुणी सूट सांगत असेल तर ऐकू नका. पैसे देण्याआधी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा, ते छापणं बंधनकारक आहे. त्या लेबलचा फोटो आणि मॉडेल नंबर इथे टाका. आत कुठलं पॅनल आहे आणि ते किती जुनं आहे, ते मी शोधून सांगतो.